दही खाणाऱ्यांनी उद्या यावे

आमच्या प्रयोगशाळेच्या दारात कुणी नवा माणूस आला की निमजे सर नमस्काराच्याही आधी विचारत, “सकाळी काय खाऊन आले जी?”

माणसाला बरं वाटायचं. साकोलीच्या हायवेवरच्या एका रुक्ष ऑफिसात कुणीतरी आपल्या न्याहारीची चौकशी करतंय, हे काय कमी आहे? एकदा उपकरणं विकणाऱ्या कंपनीचा एक माणूस नागपूरहून आला. तो खुशीत येऊन सविस्तर सांगू लागला. वाटेत गाडी थांबवली, डोसा खाल्ला, चांगला होता म्हणून आणखी एक खाल्ला, वर ताक घेतलं. सरांनी सगळं शांतपणे ऐकलं, त्याच्या हातातली पेटी घेऊन टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “तुमी उद्या या.” तो म्हणाला, मी इतक्या लांबून आलोय. सर म्हणाले, “मंग इथंच मुक्काम करा. पण रातच्याले डोसा नका खाऊ.”

आतल्या खोलीच्या दारावर सरांच्याच अक्षरात एक पाटी होती: ‘दही, ताक, इडली, डोसा, पाव, आंबील खाणाऱ्यांनी उद्या यावे.’ तिच्याखाली तुळशीरामने, म्हणजे आमच्या परिचराने, कोळशाने लिहून ठेवलं होतं: ‘उपाशी असणाऱ्यांनी केव्हाही यावे.’ सरांनी ते पुसू दिलं नाही. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मी या प्रयोगशाळेचं ऑफिस आणि भांडार सांभाळते. काय आलं, काय संपत आलं, काय मागवायचं, याच्या याद्या करणं हे माझं काम आहे, आणि घरच्यांच्या मते माझा आजार. तेव्हा क्रमाने सांगते, नाहीतर सर विक्षिप्त होते एवढंच तुमच्या लक्षात राहील.

आमची प्रयोगशाळा जनावरांच्या रोगांची. एका संस्थेने चालवलेली, लहानशी. आसपासच्या गावांत कोंबड्या माना टाकतात, बकऱ्यांची नाकं वाहायला लागतात, आणि नमुने आमच्याकडे येतात. रोग विषाणूचा असला तर तो विषाणू वाढवून बघावा लागतो. इथे अडचण अशी की विषाणू साखरमिठाच्या पाण्यात वाढत नाही. त्याला जिवंत पेशी लागतात. त्यामुळे आधी पेशी वाढवायच्या, मग त्यांच्यात विषाणू. नमुना घेऊन आलेल्या शेतकऱ्याला सर हे असं समजावत, “पावण्याले आधी घर लागते. घरच नाही तं पावणा उतरन कुठं, अन् आपल्याले दिसन कसा?” शेतकऱ्याला ते लगेच कळायचं. मला कळायला जरा वेळ लागला होता.

घरं दोन प्रकारची. पहिलं घर म्हणजे अंडं, आत पिल्लू वाढत असलेलं. कोंबड्यांच्या मानमोडीचा विषाणू त्यात छान वाढतो. अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे दिवा धरायचा, आतल्या लाल शिरा बघायच्या, पिल्लू हलतंय ना याची खात्री करायची, मग वरच्या पोकळीपाशी बारीक भोक पाडून सुईने नमुना आत सोडायचा आणि मेणाने भोक बुजवायचं. सर हे काम इतक्या हळू करत की बघणाऱ्याचा श्वास अडकायचा. या सवयीचा त्रास बाजारात व्हायचा. आठवडी बाजारात अंडी घेताना सर खिशातून टॉर्च काढून एकेक अंडं पारखत. अंडीवाली बाई एकदा म्हणाली, “अंडे घेऊन राहिले का पोरगी पाहून राहिले जी?” सर गंभीरपणे म्हणाले, “पोरगी पाहासाठी इतका वेळ नसतो लागत.” यावर सगळी रांग हसली. सरांनी लग्न केलेलं नव्हतं, हे साकोलीत सर्वांना ठाऊक होतं.

दुसरं घर म्हणजे बाटली. चपटी, आडवी ठेवलेली, तळाशी गुलाबी द्रावण. त्यात पेशी सोडल्या की त्या तळाला चिकटतात, पसरतात, वाढतात, आणि काही दिवसांत तळभर एक सलग थर होतो. गर्दी झाली की थर सोडवायचा आणि नव्या बाटल्यांत वाटून द्यायचा. मग पुन्हा तेच. हे चक्र थांबवता येत नाही. पेशींना रविवार नसतो, पोळा नसतो, दिवाळी नसते.

सर विणकराच्या घरातले. वडील, काका, सगळे हातमागावर बसलेले. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली इतरांना जिथे पेशी दिसत, तिथे सरांना कापड दिसे. लांबट पेशी एकमेकींना लागून एका दिशेने झोपलेल्या असतात, तो त्यांचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे. थर विरळ असला तर म्हणत, “पोत ढिला आहे, दोन दिवस थांबा.” विषाणू वाढायला लागला की थरात गोल भोकं पडतात. त्याला सरांचा शब्द होता कसर, म्हणजे कापड खाणारी कीड. नमुना आणणाऱ्या माणसाला ते हाताला धरून सूक्ष्मदर्शकापाशी नेत आणि दाखवत, “हे पाहा, तुमच्या बकरीचा रोग कापड खाऊन राहिला.” एका म्हाताऱ्याने बराच वेळ बघून विचारलं, यात डांबराच्या गोळ्या टाकल्या तर? सर हसले नाहीत. म्हणाले, प्रश्न बरोबर आहे, त्या गोळीचं नाव लस. आणि त्या गावात त्याच आठवड्यात लसीकरण लावून घेतलं. सरांबद्दल मला जो आदर आहे तो अशा दिवसांचा आहे.

आता दह्याचं. ज्या द्रावणात पेशी सुखाने वाढतात, त्यात बुरशी आणि किण्वही सुखाने वाढतात, उलट जास्तच. किण्व म्हणजे पीठ फुगवतं, दारू आंबवतं ते. घरच्या दह्यातही ते थोडंफार असतंच. त्याचा एक कण बाटलीत गेला की दोन दिवसांत मण्यांच्या माळांसारख्या गोल गोल गाठी दिसायला लागतात, गुलाबी द्रावण पिवळं पडतं आणि सगळी बाटली फेकावी लागते. म्हणून ती पाटी. म्हणून हात धुणं, स्पिरिट लावणं, आतल्या खोलीत न बोलणं. कुणी कंटाळून काही चुकवलं तर सर ओरडत नसत. फक्त म्हणत, “जित्ते आहेत बाप्पा ते.” त्या वाक्याने माणूस ओरडण्यापेक्षा जास्त खजील व्हायचा.

ते जित्ते असल्याचा अनुभव एकदा एसटीच्या कंडक्टरनेही घेतला. थंडीचे दिवस होते, तपासणीसाठी नेलेल्या पेशी सरांना नागपूरहून साकोलीला परत आणायच्या होत्या. पेशींना अंगाइतकी ऊब लागते. सरांनी साधा हिशेब केला: अंग आपल्यापाशी आहेच. दोन बाटल्या घट्ट बंद करून त्यांनी बनियनच्या आत, पोटाशी बांधल्या आणि भंडारामार्गे जाणाऱ्या गाडीत बसले. कंडक्टरला पोटाचा आकार पटला नाही. त्याने विचारलं, “काका, काय लपवून राहिले?” सरांना खोटं बोलता येत नाही. म्हणाले, “बकरीचं मूत्रपिंड.” कंडक्टरने शर्ट वर करायला लावला. आत गुलाबी पाण्याच्या बाटल्या. पुढचा अर्धा रस्ता सगळ्या गाडीत चर्चा चालली की ही दारू मोहाची आहे की नवीन कुठली. उतरताना कंडक्टर हळूच म्हणाला, पुढच्या वेळी पिशवीत ठेवा, मी बघणार नाही.

त्या बाटल्यांतल्या पेशी सरांनी स्वतः तयार केलेल्या होत्या, इथल्याच एका गावच्या बकरीच्या मूत्रपिंडापासून. तसल्या पेशी विकतही मिळतात. पण आपल्या भागातल्या बकऱ्यांचा रोग या पेशींमध्ये लवकर आणि स्पष्ट दिसे. निदान लवकर, म्हणजे लस लवकर. त्यांचा साठा बारीक कुप्यांमध्ये, द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवलेला असे. दुसऱ्या एका ठिकाणीही काही कुप्या ठेवायला दिल्या होत्या, पण तिथल्या टाकीत वेळेवर नायट्रोजन भरला गेला नाही आणि त्या गेल्या. उरल्या त्या आमच्याकडच्या. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

सर आणि त्यांची मोठी बहीण असे दोघंच राहत, माझ्या मागच्या गल्लीत. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. बाईंनीही लग्न केलं नव्हतं. आईवडील गेल्यावर त्यांनी माग चालवून सरांना शिकवलं आणि नंतर त्यांचं घर चालवलं. दोघांचं जन्मभर भांडण एकाच गोष्टीवरून: बाई रोज संध्याकाळी दही लावत आणि सर ते खात नसत. इतकंच नाही, तर बाईंच्या हातचं जेवून झाल्यावर सर साबणाने कोपरापर्यंत हात घासत. बाई मला म्हणायच्या, “पाहा वो माय, माह्या हातचं खाऊन असा घासते जसा मी जहर वाढलं.” आणि सरांना, “तुह्या शिश्या तुले, माही गाडगी मले. पण तुह्या शिश्याइनं मले कोन्ती साडी नाही दिली आजवर.” सर खाली मान घालून ऐकत आणि पुन्हा हात घासत.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. झोपेतच. सर दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत आले, कुणाला भेटले नाहीत, आतल्या खोलीत जाऊन पेशींचं द्रावण बदललं आणि परत गेले. गावात थोडी कुजबुज झाली. तुळशीरामने ती तिथेच थांबवली. म्हणाला, “घरी रडाले कोणी नाही त्याइच्यापाशी. कुठं तरी जाईन ना माणूस.”

उन्हाळ्याच्या तोंडावर पहिली बाटली पिवळी पडली.

सरांनी सूक्ष्मदर्शकात बघितलं आणि बराच वेळ डोळा काढला नाही. मण्यांच्या माळा. सगळ्या बाटल्या फेकल्या, खोली धुतली, नवी कुपी काढली. पंधरवड्यात पुन्हा तेच. पुन्हा कुपी, पुन्हा माळा. मग सुरू झाला शोध. पहिला संशय तुळशीरामवर, कारण मोहफुलांचे दिवस होते आणि त्याच्या अंगणात फुलं वाळत घातलेली होती. त्याला आल्या आल्या आंघोळ लावली गेली. तो म्हणाला, “सर, हळदीच्या दिवशीही इतका घासला नव्हता मले.” मग आमच्या डॉ. रहांगडाले, ज्या सरांच्या हाताखाली हे काम शिकल्या, त्यांच्या घरचं इडलीपात्र महिनाभर माळ्यावर गेलं. माझ्या डब्यातलं लोणचं बंद झालं. हवेच्या गाळण्या बदलल्या, त्या मी तीन ठिकाणी भाव विचारून मागवल्या. काही उपयोग नाही. टाकीतली एकेक कुपी संपत होती आणि सर वाळत चालले होते.

शेवटी टाकीत एकच कुपी उरली. ती गेली की ती पेशी जगात कुठेच उरणार नव्हती. संस्थेनेही सांगून ठेवलं होतं की पेशीच नसतील तर त्या खोलीची वीज जाळण्यात अर्थ नाही, नमुने नागपूरला पाठवत जा. नमुना तिकडे जाऊन उत्तर येईपर्यंत बकऱ्यांचं काय होतं, हे आम्ही आधी पाहिलेलं होतं.

सर म्हणाले, आधी चोर सापडेल, मग कुपी बाहेर निघेल. त्यांनी सर्वांना रांगेत उभं केलं. प्रत्येकासमोर जंतू उगवायची खळ थापलेली एकेक काचेची ताटली. तिच्यावर बोटं टेकवायची, मग शर्टाची बाही टेकवायची, झाकण लावायचं, नाव घालायचं. शिस्त म्हणून सरांनी पहिली ताटली स्वतःची केली.

दोन दिवसांनी रहांगडाले मॅडमनी ताटल्या उबेतून काढल्या आणि टेबलावर मांडल्या. तुळशीरामची जवळजवळ स्वच्छ होती. माझ्यावर एखाददुसरा ठिपका. सरांच्या बोटांखाली काही नव्हतं. पण बाहीच्या ठशावर सायीसारखे पांढरे, गोल, जाड ठिपके एकाला एक लागून उगवलेले.

टोमणा मारायचा पूर्ण हक्क तुळशीरामला होता. त्याने आपली ताटली उचलून मागे ठेवली. रहांगडाले मॅडम चाचरत म्हणाल्या, सर, घरी काही आंबवता का? सरांनी ताटलीचं झाकण नीट बसवलं, अंगातला एप्रन काढून खुंटीला लावला आणि घरी निघून गेले.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. सर स्वयंपाकघरात उभे होते. गॅसवरून उतरवलेलं दूध, त्यात प्रयोगशाळेसारखी तापमापी, आणि शेजारी लहानशी दोन गाडगी. मला बघून त्यांनी लपवायचा प्रयत्न केला नाही. तापमापी काढली, एका गाडग्यातलं चमचाभर दही दुसऱ्यात घातलं, वर दूध ओतलं, फडकं बांधलं. फडकं बांधताना बाही दह्याला लागली. त्यांनी ती पाहिली, मीही पाहिली.

“बाई गेली त्या रात्रीचं दही लागलेलं होतं,” ते म्हणाले. “सकाळी पाहातो तं बाई नाही, अन् दही मस्त घट्ट. आता ते कसं फेकू मी? एक चमचा काढून ठेवला. मंग दुसऱ्या दिवशी त्याच्यातला एक.”

मी विचारलं, रोज?

“रोज नाही लावलं तं मरते ना जी ते.”

खाता का, हे मी विचारायची गरज नव्हती. आतल्या खोलीत जाणारा माणूस दही खात नाही, हा नियम त्यांचाच. मागच्या दारातून परसात पाहिलं तर कढीपत्त्याचं झाड भिंतीच्या वर गेलेलं होतं. आदल्या दिवशीचं दही रोज त्याच्या मुळाशी जात होतं.

मला काम पुढे सरकवायची सवय आहे. मी म्हटलं, सर, हे माझ्याकडे द्या, मी रोज लावीन, चुकवणार नाही. त्यांनी खरंच विचार केला. गाडग्याला हात लावून बसून राहिले. मग म्हणाले, “तुमी लावसान. त्याची खात्री आहे मले. पण मंग मी संध्याकाळी काय करू?”

मी चहा टाकला आणि आम्ही तो पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सर वेळेवर आले. एप्रन घातला नाही. रहांगडाले मॅडमना बोलावून म्हणाले की एका माणसाने एका वेळी एकच जीव पाळावा, दोन पाळले की एक दुसऱ्याला खातो. मी दुसरा पाळून बसलो आहे. तेव्हा यापुढे आतल्या खोलीत तुम्ही. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी दुर्लक्ष केलं आणि किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. “तुमचा हात हलका आहे. माह्यापेक्षा हलका. मी सांगत नव्हतो, तुमी शेफारल्या असत्या.”

शेवटची कुपी त्याच सकाळी निघाली. सर बाहेर, काचेच्या या बाजूला, स्टुलावर. मॅडमनी कुपी कोमट पाण्यात धरली, वितळली तशी थेंबाथेंबाने बाटलीत सोडली, बाटली उबेत ठेवली. सरांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. पुढचे कितीतरी दिवस ते रोज येऊन त्याच स्टुलावर बसले. अंडी पारखली, अहवाल लिहिले, शेतकऱ्यांना समजावलं. आत पाऊल टाकलं नाही.

मग एका दुपारी मॅडम बंद बाटली घेऊन बाहेरच्या सूक्ष्मदर्शकापाशी आल्या आणि सरांना म्हणाल्या, बघा. सर दोन्ही हात पाठीमागे बांधून वाकले आणि नुसता डोळा लावला. द्रावण गुलाबी होतं. माळा नव्हत्या. तळभर थर पसरलेला होता.

“पोत भरला,” एवढंच ते म्हणाले.

जेवणाची वेळ झाली होती. आम्ही व्हरांड्यात डबे उघडले. सरांनी पिशवीतून भाताचा डबा काढला, मग फडक्यात बांधलेलं एक लहान गाडगं. भातावर दही ओतलं, कालवलं. तुळशीराम घास हातात घेऊन थांबला. आम्ही कुणीच या माणसाला दही खाताना पाहिलेलं नव्हतं.

सरांनी पहिला घास घेतला. बराच वेळ चघळला.

मी विचारलं, कसं आहे?

“आंबट आहे,” ते म्हणाले, आणि डबा आणखी जवळ ओढून घेतला.